वर भुसा, खाली पेंढा

कोंबड्यांनासुद्धा सर्दी होते असं मी म्हटलं की लोक हसतात. हसोत. ज्यांनी आयुष्यात कधी खुराडं साफ केलं नाही, त्यांच्या हसण्याला मी भीक घालत नाही. माझ्या कोंबड्या त्या दिवसांत खरोखरच शिंकत होत्या. माना झटकायच्या, चोची उघड्या टाकून श्वास घ्यायच्या. आणि त्यांच्यातली सगळ्यात भांडखोर, जिला मी सासूबाई म्हणते, ती डोळे मिटून कोपऱ्यात बसली होती. सासूबाई गप्प बसल्या म्हणजे प्रकरण साधं नव्हतं.

खुराडं आमच्या घरामागे आहे आणि त्याच्यापुढे जाळीचं आवार. दोन्ही ह्यांनी बांधलेलं. हे सुतार. मागच्या गल्लीत, सायकल दुरुस्तीच्या दुकानाला लागून ह्यांचा कारखाना आहे. कारखाना म्हणजे काय, तर एक खोली, एक जाडजूड टेबल आणि भिंतीवर टांगलेल्या करवती आणि पटाश्या. मशीन औषधालासुद्धा नाही. मी कोंबड्या पाळायचं मनावर घेतलं तेव्हा हे म्हणाले होते, "त्यांच्या गादीचं मी बघतो." खुराड्यातल्या जमिनीवर जे पसरतात त्याला आम्ही गादी म्हणतो. ती ओल शोषते, वास दाबते, थंडीत पायाला ऊब देते. ह्यांनी शब्द पाळला. दर आठवड्याला पोतंभर ढलप्या घरी यायच्या, लाकडावरून रंधा फिरला की सुटतात ना, कागदासारखी पातळ वेटोळी, त्या. इतक्या कोरड्या आणि खमंग वासाच्या की मलाच त्यात जाऊन झोपावंसं वाटायचं.

"बाकीच्या नवऱ्यांनी बायकांना काय काय आणलं, तुम्ही मला जन्मभर कचरा आणलात," असं मी चारचौघांत म्हणायचे. हे खूश व्हायचे. मीही खूशच असायचे.

गेल्या काही महिन्यांत मात्र पोत्यातून ढलप्यांऐवजी भुसा यायला लागला होता. बारीक, पिठासारखा. मी विचारलं तर म्हणाले, "हल्ली कामच तसं असतं. लोकांना सगळं बारीक हवं." मला सुतारकामातलं काय कळतंय? मी पोतं उलटं केलं आणि भुसा पसरला.

आमचा मुलगा शहराच्या दुसऱ्या टोकाला राहतो आणि रविवारी येतो. आला की त्याची एकच टकळी. "बाबा, आता कारखाना बंद करा. करवतीशी खेळायचं वय आहे का हे? एखादं बोट गेलं तर?" ह्यांचं उत्तर ठरलेलं असायचं. "मग कोंबड्यांना काय अंथरू? तुझे शर्ट?" मुलगा हसायचा आणि विषय तिथंच मिटायचा. मला तो निव्वळ विनोद वाटायचा. त्या विनोदाच्या जोरावर हे रोज सकाळी घराबाहेर पडत होते, हे माझ्या लक्षात यायला कोंबड्यांना शिंका याव्या लागल्या.

जनावरांचे डॉक्टर आले. तरुण, घाईचा माणूस, पण सासूबाईंना त्याने नीट हातात धरलं हे मला आवडलं. डोळे बघितले, छातीला कान लावला, मग खाली बसून मूठभर भुसा उचलला आणि तळहातावर बोटाने चिवडला. त्यात एक निळा, चकचकीत कण निघाला. नखाएवढासुद्धा नव्हता.

"हा भुसा कुठून आणता?"

"आणायला कशाला लागतो? घरचाच आहे. आमचे हे सुतार आहेत."

"मग त्यांच्याकडे मशीन असेल."

"छे! सगळं हातानं करतात." हे सांगताना मी नेहमीप्रमाणे जरा ताठ झाले.

डॉक्टरांनी मान हलवली. "आजी, हातानं कापलेलं लाकूड असं मैद्यासारखं पडत नाही. हा प्लायवूडचा भुसा आहे, मशीनमधला. यात डिंक असतो, वरच्या रंगीत थराची भुकटी असते. कोंबड्या दिवसभर उकरणार, ते उडणार आणि यांच्या छातीत जाणार. आजच्या आज काढून टाका. चांगला कोरडा पेंढा घाला. रंध्याच्या ढलप्या मिळाल्या तर उत्तमच, पण हल्ली त्या कुठे मिळतात?"

मी वाद न घालता मान डोलावली. माझ्या बाबतीत ही गोष्ट वर्षातून एखाद्या वेळी घडते.

डॉक्टर गेल्यावर मी चप्पल घातली आणि मागच्या गल्लीत गेले. कारखान्याला कुलूप. ऐन कामाच्या वेळी. सायकलवाला ट्यूब पाण्यात धरून बुडबुडे शोधत होता. मला बघून म्हणाला, "मिस्त्री होय? ते पुढे, फर्निचरच्या कारखान्यात असतील. रोज तिकडंच असतात की." तो अगदी सहज बोलला. जी गोष्ट सगळ्या गल्लीला माहीत होती ती मला माहीत नसेल, असं त्याला कसं वाटणार?

फर्निचरच्या कारखान्याचं फाटक उघडं होतं. आत मशीनांचा असा आवाज की माझे दातसुद्धा थरथरायला लागले. अंगणाच्या एका कडेला भुशाचा ढीग होता, आणि ढिगाशेजारी हे. उकिडवे बसून पोत्यात फावड्याने भुसा भरत होते. मध्येच थांबले, उजवा हात मांडीवर ठेवला आणि त्यावर डावा हात दाबून धरला. थोडा वेळ तसेच बसून राहिले. मग परत फावडं. आतून एक मुलगा तयार फळ्या डोक्यावर घेऊन बाहेर आला आणि ओरडला, "ओ मिस्त्री, बाजूला व्हा ना, रस्त्यात काय बसता!" आणि हे बाजूला झाले. पटकन, पोतं ओढत, हसत.

ह्यांच्या हाताखाली एकेकाळी माणसं काम शिकायची. पटाशी चुकीची धरली तर हे अशी हाक मारायचे की सायकलवाला बाहेर यायचा. तो माणूस आज एका पोराच्या ओरडण्यावर पटकन बाजूला झाला होता. मला ते बघवेना म्हणून नव्हे, ह्यांना मी दिसू नये म्हणून मी तिथून निघाले आणि थेट घरी आले.

आता करायचं काय? ढलप्यांचा भुसा का झाला ते मला कळलं होतं. हात चालत नव्हता. ह्यांचा कारखाना कधीच बंद झाला होता, उरलं होतं फक्त ते पोतं. मी म्हटलं असतं, "अहो, हा भुसा नको," की ते पोतंही गेलं असतं. आणि तसं म्हटलं नसतं, तर सासूबाई गेल्या असत्या आणि त्यांच्यामागे एकेक करून सगळ्या. एकीकडे माझ्या कोंबड्यांचा श्वास, दुसरीकडे ह्यांची सकाळ.

सरळ बोलणं हा माझा स्वभाव आहे. तरी त्या दिवशी मी आडवाट धरली. का, ते विचारू नका. त्या पोत्यासकट हसत बाजूला झालेला माणूस डोळ्यांपुढून हलत नव्हता.

आधी मी आवारातलंच वाळलेलं गवत घालून पाहिलं. ते वरून वाळलेलं आणि आतून दमट निघालं. मुठीत दाबलं तर गोळा झाला. गादी मुठीत दाबून सोडली की लगेच सुटी झाली पाहिजे, गोळा राहिला तर तिला बुरशी धरणारच. झाडाखालचा पाचोळा आणला, तर त्याचा पायाखाली चिखल झाला. शेवटी दूधवाल्याच्या गोठ्यातून पेंढा आणला. सोनेरी, कडकडीत वाळलेला, झटकला तर धूळ नाही. दुपारी हे घरी नसताना सगळा भुसा खरवडून काढला, जमीन कोरडी केली, पेंढ्याचे हातभर तुकडे केले आणि चांगला जाड थर दिला. मग ह्यांनी आणलेल्या पोत्यातला भुसा घेतला, धूळ बसावी म्हणून त्यावर पाणी शिंपडलं, आणि पेंढा झाकला जाईल इतपत वरून भुरभुरला. बाकीचं पोतं खताच्या खड्ड्यात. वरून बघणाऱ्याला सगळं जसंच्या तसं. मी कंबरेवर हात ठेवून माझ्या अकलेचं कौतुक केलं.

आता मला सांगा, इतकी वर्षं कोंबड्या पाळणाऱ्या बाईला हे सुचायला नको होतं का? कोंबडी दुसरं करते काय? उकरते. जमिनीवर जे असेल ते खाली घालते आणि खाली असेल ते वर काढते. जगात एखादी गोष्ट लपवायला सगळ्यात वाईट जागा कुठली असेल, तर ती कोंबडीच्या पायाखालची. आणि मी नेमकी तीच निवडली होती.

संध्याकाळी खुराडं बंद करायचं काम ह्यांचं. हे अंडी काढायला वाकले आणि तसेच राहिले. मी स्वयंपाकघराच्या खिडकीतून बघत होते. खुराड्यात वर सगळा पेंढा पसरला होता. भुसा तळाला जाऊन बसला होता. ह्यांनी एक काडी उचलली, बोटांत फिरवली, खाली ठेवली. दार लावलं, कडी घातली. घरात येऊन अंडी टोपलीत ठेवली आणि म्हणाले, "आज सासूबाईंनी डोळे उघडलेत."

"हो का?" मी म्हटलं.

एवढंच.

दुसऱ्या दिवशी हे बाहेर पडले नाहीत. रिकामं पोतं झटकून, चौकोनी घडी करून आवाराच्या भिंतीवर ठेवलं होतं. त्यानंतरही पडले नाहीत. सकाळी आंघोळ करायचे, इस्त्रीचा शर्ट घालायचे आणि व्हरांड्यातल्या खुर्चीत बसायचे. पेपर उघडा, पण पान उलटत नसत. मी काही बोलले की हो म्हणायचे. भांडण उकरून काढायचा प्रयत्न केला, तर त्यालाही हो. जन्मभर माझ्याशी हुज्जत घालणारा माणूस प्रत्येक गोष्टीला हो म्हणायला लागला की घर नुसतं भकास होतं. कोंबड्या मात्र टुणटुणीत झाल्या. सासूबाई पुन्हा सगळ्यांना टोचायला लागल्या आणि मला त्यांचा राग येऊ लागला, हे मी कबूल करते.

रविवारी मुलगा आला. हे आठवडाभर कारखान्यावर गेले नाहीत हे ऐकून त्याचा चेहरा उजळला. "बरं झालं बाबा, तुम्हीच ठरवलंत. पुढच्या रविवारी मी खोकी घेऊन येतो. कारखाना रिकामा करून टाकू. हत्यारं कोणाला उपयोगी पडतील त्याला देऊ."

ह्या वेळी शर्टाचा विनोद ह्यांच्याकडे नव्हता.

"कर," हे म्हणाले.

मुलाला वाटलं, बाबा समजूतदार झाले. पोराचं काही चुकत नव्हतं, त्याला ह्यांच्या बोटांचीच काळजी होती. पण तो 'कर' मी आठवडाभर ऐकत होते. भांडी घासताना, झोपताना, खुराड्यात वाकलेली असताना. शेवटी शनिवारी सकाळी मी व्हरांड्यात जाऊन ह्यांच्या हातातला पेपर काढून घेतला.

"मी तुम्हाला त्या फर्निचरवाल्यांकडे बघितलं."

"कधी?"

"डॉक्टर आले त्या दिवशी. भुसा भरताना."

"म्हणजे तो पोरगा ओरडला तेही बघितलंस?"

"बघितलं."

हे खाली बघायला लागले. मग उजवा हात माझ्यापुढे धरला. तळहात वर. तो हलत होता, दुसरं कोणीतरी तो आतून हलवतंय असा. "धरून बघ," म्हणाले. मी धरला. माझ्या हातातही तो थांबला नाही. "रंधा सरळ जात नाही. मध्येच उडी मारतो, फळीला दात लागतात. चांगली लाकडं खराब केली मी. मग बंद केलं."

"आणि मला का नाही सांगितलंत?" माझा आवाज चढला. "मी कोण, शेजारीण?"

"तू म्हणाली असतीस, आता घरी बसा."

अगदी हेच म्हटलं असतं मी. याच शब्दांत, याच आवाजात, वर "जन्मभर राबलात, पुरे झालं" असं प्रेमानं जोडून. मला रडू आलं आणि रडू आलं म्हणून राग आला.

"बरं, बसू नका मग," मी म्हटलं. "मला पेंढा बारीक कापून लागतो. लांब काड्यांची गादी बसते, त्याखाली ओल धरते. ते काम घ्या तुम्ही."

हे हसले, पण ते हसू बरं नव्हतं. "पेंढा कापायला बसवतेस मला? म्हातारा कुरकुर करतोय, द्या त्याला काहीतरी हातात. नको. इतकी दया नको करूस."

दया! मी आणि दया! माझ्या नाकावरचा राग आता डोक्यात गेला. "दया गेली खड्ड्यात. मला ढलप्या हव्या आहेत. डॉक्टर म्हणाले, सगळ्यात चांगली गादी ढलप्यांची. तुम्ही त्या द्यायचं कबूल केलं होतंत. तुमचा हात चालत नाही ना? माझा चालतो. रंधा मी मारते. उठा, किल्ली कुठाय?"

"तू रंधा मारणार?"

"का? त्याला काय देवानं मिशी लागते असं सांगितलंय?"

किल्ली मीच खिळ्यावरून काढली. हे मागून आले. नाइलाजाने, पाय ओढत, पण आले. सायकलवाल्याने आम्हाला बघून पाना खाली ठेवला.

कारखान्यात कोंदट वास होता आणि टेबलावर धुळीचा थर. रंधा मात्र तेल लावलेल्या फडक्यात गुंडाळून फळीवर ठेवलेला. ह्यांनी फडकं सोडलं, पातं नखावर टेकवून पाहिलं. एक फळी टेबलात घट्ट अडकवली, आणि तेवढ्यातही हात दोनदा घसरला. मी मदत करायला पुढे झाले नाही. कशी झाले नाही ते माझं मला माहीत.

"धर," हे म्हणाले.

मी रंधा धरला आणि जोर लावून ढकलला. तो फळीत रुतून बसला. मागे ओढला, तर भकाभक भुकटी निघाली. पुन्हा ढकलला. किंचाळल्यासारखा आवाज झाला.

"अगं ए! इस्त्री करतेस का?"

मी दचकले. असा आवाज ह्यांनी घरात कधी काढला नव्हता.

"पाय मागे घे. मनगट नको, कंबरेतून ये. सुरुवातीला वजन पुढच्या हातावर, शेवटाला मागच्या. आणि श्वास काय कोंडून धरलायस? बाळंतीण आहेस?"

"तोंड सांभाळून बोला हं!"

"इथं मी बोलणार. परत!"

घामाने मी निथळले, खांदे भरून आले, आणि दुपारपर्यंत जे जमलं ते सगळं माझ्या दोन्ही मुठींत मावलं असतं. जाड, तुटकी, ओबडधोबड सालपटं. एकही वेटोळं नाही. त्यात एका कोंबडीचा एक पाय झाकला नसता. खुराड्यात पेंढाच राहणार हे दोघांनाही कळत होतं. ह्यांनी सालपटं चिमटीत धरून उजेडात बघितली, नाक मुरडलं आणि म्हणाले, "उद्या लवकर निघू."

रविवारी मुलगा आधी घरी गेला, तिथं कुलूप बघून कारखान्यावर आला. दोन्ही हातांत एकात एक घातलेली रिकामी खोकी. मी तेव्हा पदर खोचून फळीवर ओणवी झालेली, केसांत लाकडाचे तुकडे, आणि आयुष्यात पहिल्यांदाच रंधा न अडता अर्ध्या फळीपर्यंत आला होता.

"आई? हे काय चाललंय?"

माझी मान वळली आणि रंधा रुतला.

"तू मध्ये बोलू नकोस रे," हे मुलावर खेकसले. "तिचा हात बिघडतो." मुलाने ह्यांच्याकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं, आणि हळूच खोकी दाराबाहेर ठेवली. ह्यांचं तिकडे लक्षही नव्हतं. थरथरत्या बोटाने त्यांनी फळीचं अलीकडचं टोक दाखवलं आणि मला म्हणाले, "परत."

मी रंधा उचलला आणि त्या टोकाला ठेवला.